कोशातील शब्दांचे जाळे : प्रकल्पाच्या नोंदी

५ जून

एकभाषी शब्दकोशात प्रत्येक शब्दाचा अर्थ त्याच भाषेतील दुसऱ्या शब्दांनी सांगितलेला असतो आणि त्या दुसऱ्या शब्दांचे अर्थही त्याच कोशात दिलेले असतात. शब्दांचा हा परस्परांवरचा भार कसा वाटला गेला आहे, हे एका मराठी-मराठी कोशावर संगणकाच्या साहाय्याने पाहण्याचे काम आजपासून हाती घेतले आहे. मांडणी अशी : प्रत्येक शीर्षशब्द (म्हणजे कोशात ज्याचा अर्थ दिला आहे तो शब्द) हा एक बिंदू, आणि एखादा शब्द दुसऱ्याच्या व्याख्येत आला असेल, तर पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाणारा एक बाण. बाण व्याख्या करणाऱ्या शब्दापासून निघतो, हे येथेच लिहून ठेवतो, कारण दिशा उलटली की पुढच्या सगळ्या संज्ञांचे अर्थ उलटतात.

अशा जाळ्यात वर्तुळे अटळ असतात. कोश मर्यादित आहे आणि त्यातील प्रत्येक शब्दाला किमान एक व्याख्या आहे असे धरले, तर कोणत्याही शब्दापासून त्याच्या व्याख्येतील शब्दाकडे, तेथून त्याच्या व्याख्येतील शब्दाकडे असे मागे मागे जात राहिल्यावर शब्द कधीतरी संपतात आणि पूर्वी येऊन गेलेल्या एखाद्या शब्दाशी पुन्हा गाठ पडते. म्हणून वर्तुळ सापडले की कोशकाराला बोल लावण्याची जी सवय आहे, ती सोडून दिलेली बरी. प्रश्न वर्तुळे आहेत की नाहीत हा नसून ती कोठे आहेत, किती लांबीची आहेत आणि किती शब्द हाताशी असले की ती सगळी तुटतात, हा आहे. स्टीव्हन हार्नाड यांनी १९९० मध्ये हाच प्रश्न चिनी भाषेचा गंधही नसलेल्या माणसाच्या हाती केवळ चिनी-चिनी कोश देऊन विचारला होता : तो एका चिन्हावरून दुसऱ्यावर आयुष्यभर फिरत राहील, पण त्याला अर्थ लागेल का? काही शब्दांचा अर्थ कोशाबाहेरून, म्हणजे पाहण्या-हाताळण्याच्या अनुभवातून यावा लागतो, हे मान्य केले की ‘निदान किती शब्दांचा?’ हा पुढचा प्रश्न मोजणीच्या कक्षेत येतो.

११ जून

मजकूर स्वच्छ करण्याचे काम. कोशनोंदीत व्याख्येखेरीज लिंग, व्युत्पत्ती, वाक्प्रचार आणि जुन्या काव्यातील अवतरणे असा बराच ऐवज असतो आणि त्यातले जाळ्यात काहीच यायला नको. ‘पु.’, ‘स्त्री.’, ‘सं.’, ‘फा.’ ही संक्षेपचिन्हे सहज काढता येतात. अवतरणे मात्र व्याख्येत अशी मिसळलेली असतात की त्यांच्यासाठी स्वतंत्र नियम लिहावे लागले.

युनिकोडने, म्हणजे संगणकात अक्षरांना संकेतांक देणाऱ्या पद्धतीने, वेळ घेतला. ‘ऱ’ हे अक्षर एकाच संकेतांकाने लिहिता येते किंवा ‘र’ आणि त्याखालचा नुक्ता अशा दोन संकेतांकांनीही. या दोन रूपांना प्रमाणीकरणाची नेहमीची प्रक्रिया एक मानते, त्यामुळे तेथे अडचण नाही. पण ‘वाऱ्या’मधील अर्धा र काही ठिकाणी ‘ऱ’ला हलन्त जोडून आणि काही ठिकाणी साध्या ‘र’ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह लावून टंकलेला असतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, प्रमाणीकरणानंतरही ते वेगळेच राहतात आणि जाळ्यात एका शब्दाचे दोन होतात. ‘ॲ’ या अक्षराचीही तीच गत आहे. अशा जोड्यांचे कोष्टक हाताने तयार करून ते प्रमाणीकरणानंतर चालवायचे ठरवले आहे.

१९ जून

व्याख्येत आलेल्या रूपावरून मूळ शब्द ओळखणे हाच या प्रकल्पातील सर्वांत कठीण भाग असणार, असा अंदाज होता आणि तो खरा ठरतो आहे. व्याख्येत ‘पाणी’ हा शब्द क्वचितच ‘पाणी’ म्हणून येतो. तो ‘पाण्याचा’, ‘पाण्यातून’, ‘पाण्यावरील’ अशा रूपांत येतो, आणि बाण काढायचा तर प्रत्येक रूपावरून मूळ शीर्षशब्द गाठावा लागतो. प्रत्यय व शब्दयोगी अव्यय काढले की सामान्यरूप हाती राहते, परंतु सामान्यरूपावरून मागे जाण्याची वाट एकच नसते. शेवटी ‘या’ असेल, तर मूळ शब्द आकारान्त (घोडा), ईकारान्त (पाणी) किंवा एकारान्त (केळे) असू शकतो. ‘माळ्याने’ आणि ‘माळ्यावर’ या दोन्हींतून ‘माळ्या’ उरते, आणि कोशात ‘माळी’ही आहे व ‘माळा’ही. शीर्षशब्दांच्या यादीशी ताडून पाहिल्यावर पुष्कळशी संदिग्धता जाते, पण जेथे दोन्ही शब्द यादीत आहेत तेथे नियमाला निकाल देता येत नाही.

सध्याचा निर्णय असा : दोन शक्यता उरल्या तर दोन्हींकडून बाण काढायचे, त्यावर ‘संदिग्ध’ अशी खूण ठेवायची आणि पुढची प्रत्येक मोजणी संदिग्ध बाण धरून एकदा व वगळून एकदा करायची. दोन उत्तरांत फार अंतर पडले, तर तेवढ्या भागाबद्दल काही विधान करायचे नाही.

२४ जून

लेखन एक आणि शब्द अनेक, ही अडचण याहून उपद्रवी आहे. ‘वर’ या एकाच लेखनाखाली कोशात ‘उंच ठिकाणी’, ‘नवरदेव’ आणि ‘प्रसन्न देवतेने दिलेले दान’ असे निरनिराळे शीर्षशब्द असतात. ते एकत्र केलेल्या चाचणी-जाळ्यात सर्वाधिक शब्दांच्या व्याख्यांना हातभार लावणाऱ्यांच्या यादीत नवरदेव अगदी वरच्या क्रमांकांवर बसला होता, कारण छतापासून डोंगरापर्यंत सगळ्यांच्या व्याख्यांत ‘वर’ आहे. ‘कर’ या शब्दात सारा, हात आणि आज्ञार्थी क्रियापद अशीच गर्दी होते. समलेखी शीर्षशब्द आता क्रमांक लावून वेगळे ठेवले आहेत. व्याख्येत त्यांतील कोणता आला आहे हे ओळखण्यासाठी शब्दाची जात आणि शेजारचे शब्द पाहणारा एक साधा नियमसंच लिहिला आहे.

एकाच शीर्षशब्दाच्या अनेक अर्थांचे काय करायचे, हाही प्रश्न होता. या विषयावरील २००८ च्या एका मूलभूत अभ्यासात लाँगमन आणि केंब्रिज या प्रकाशकांचे दोन इंग्रजी कोश घेऊन प्रत्येक शब्दाचा पहिलाच अर्थ धरला होता. तो मार्ग सोयीचा आहे आणि तुलनेसाठी मीही तोच धरतो. परंतु ऐतिहासिक क्रमाने अर्थ मांडणाऱ्या कोशात पहिला अर्थ सर्वांत जुना असतो, प्रचलित असेलच असे नाही. कोश निवडताना या गोष्टीकडे लक्ष द्यायला हवे.

२ जुलै

‘आणि’, ‘किंवा’, ‘असणे’, ‘हा’, ‘जो’ यांसारखे शब्द वगळले. त्यांच्या व्याख्या कोशात असल्या, तरी ‘आणि’चा अर्थ कोणी व्याख्या वाचून शिकत नाही.

‘प्रकार’, ‘विशेष’, ‘वस्तू’, ‘क्रिया’, ‘भाव’, ‘स्थिती’ या शब्दांबाबत मात्र मन साशंक आहे. ‘एक वृक्षविशेष’, ‘एक प्रकारचे वाद्य’, ‘अमुक करण्याची क्रिया’ ही कोशकारांची ठरलेली वाक्यरचना आहे, त्यामुळे हे शब्द जाळ्यात अफाट बाण घेऊन उभे राहतात. त्यांचे वजन भाषेने दिलेले आहे की कोशलेखनाच्या शैलीने? माझ्या मते बव्हंशी शैलीने. तरीही ते वगळलेले नाहीत, कारण कोशाच्या आत ते खरोखरच काम करतात : ‘क्रिया’ ठाऊक नसलेल्या वाचकाला त्या व्याख्या कळणार नाहीत. त्यांची यादी वेगळी केली आहे आणि ते असताना व नसताना अशा दोन्ही मोजण्या होतील.

८ जुलै

मुख्य मोजणीपूर्वी सगळी पद्धत एका नमुना कोशावर हाताने करून पाहिली, म्हणजे संगणकाच्या कार्यक्रमाचे (प्रोग्रॅमचे) उत्तर पडताळता येईल. त्यात नऊच शब्द आहेत आणि व्याख्या मुद्दाम आखूड रचल्या आहेत.

पाणी : नदीतून वाहणारा द्रव.
नदी : पाण्याचा प्रवाह.
प्रवाह : द्रवाचे वाहणे.
वाहणे : प्रवाहात असणे.
द्रव : पाण्यासारखे वाहणारे ते.
होडी : पाण्यावरची नाव.
नाव : नदीवरची होडी.
ओहोळ : प्रवाहासारखे वाहणारे पाणी.
ओघळ : ओहोळासारखे वाहणारे पाणी.

पहिली पायरी छाटणीची. जो शब्द दुसऱ्या कोणाच्याच व्याख्येत येत नाही, तो काढायचा. येथे ‘ओघळ’ जातो. तो गेल्यावर ‘ओहोळ’ही कोणाच्या व्याख्येत उरत नाही, म्हणून तोही जातो. नंतर काढण्याजोगे काही राहत नाही. उरलेल्या सात शब्दांना या नोंदींपुरते ‘गर’ म्हणू.

दुसरी पायरी गटांची. कोणत्याही शब्दापासून बाणांच्या दिशेने जाऊन गटातील इतर प्रत्येक शब्द गाठता येतो, असे परस्परपोच गट शोधायचे. पाणी, नदी, प्रवाह, वाहणे आणि द्रव हा असा एक गट आहे आणि यातील कोणाचीही व्याख्या गटाबाहेरच्या शब्दावर अवलंबून नाही. याला ‘गाभा’ म्हणू. होडी आणि नाव यांचा दुसरा, लहान गट गाभ्यावर विसंबतो, पण गाभ्याला त्याची गरज पडत नाही. असे गट म्हणजे ‘उपग्रह’. गाभ्यातील पाचही शब्द येत असले तरी होडी म्हणजे काय ते कळणार नाही, कारण होडीसाठी नाव हवी आणि नावेसाठी होडी.

तिसरी पायरी सर्वांत कमी शब्दांची. असे कोणते शब्द आधीपासून ठाऊक असले, की बाकीचे सगळे केवळ व्याख्या वाचून कळतील? पाणी–नदी, वाहणे–प्रवाह आणि होडी–नाव ही तीन सुटी वर्तुळे आहेत, म्हणजे तीनपेक्षा कमी शब्दांत भागणार नाही. पाणी सोडले तर नदी आणि द्रव दोन्ही घ्यावे लागतात, कारण पाण्याचे त्या दोघांशीही थेट वर्तुळ आहे, आणि मग संख्या चारवर जाते. म्हणून पाणी हवेच. त्याच्यासोबत वाहणे किंवा प्रवाह यांतील एक आणि होडी किंवा नाव यांतील एक. पाणी, वाहणे आणि होडी घेऊन पाहिले : प्रथम द्रव कळतो, त्यावरून प्रवाह, मग नदी, मग नाव, पुढे ओहोळ आणि शेवटी ओघळ. तीन शब्दांत सगळा कोश उलगडला.

अशा लघुतम संचांची संख्या येथे चार आहे, ही गोष्ट महत्त्वाची आहे. दोन शब्दांचा प्रत्येक उपग्रह ही संख्या दुप्पट करतो. वीस उपग्रह असले तर केवळ त्यांच्यामुळे १०,४८,५७६ पर्याय तयार होतात. तेव्हा ‘भाषेचे मूळ शब्द सापडले’ अशी भाषा कोणी लघुतम संचाबद्दल करू लागला, तर कोणता संच, असे आधी विचारावे.

१५ जुलै

छाटणी आणि गट यांचे कार्यक्रम पूर्ण कोशावर चालले. परस्परपोच गट शोधण्याची रॉबर्ट टार्जन यांची १९७२ ची रीत बिंदू आणि बाण यांच्या बेरजेच्या प्रमाणात वेळ घेते, त्यामुळे संगणकाला यात काही विशेष कष्ट नाहीत. काळजी एवढीच घ्यावी लागते की पायथन या संगणकभाषेत आवर्ती, म्हणजे स्वतःलाच पुन्हा बोलावणाऱ्या, फलनाच्या खोलीवर मुळात १००० ची मर्यादा असते आणि कोशातील साखळी ती सहज ओलांडू शकते, म्हणून रीत आवर्तनाऐवजी स्वतःची थप्पी ठेवून लिहावी.

चित्र नमुना कोशासारखेच निघाले : बहुतांश शब्द छाटणीत जातात, गरात एक मोठा गाभा राहतो आणि त्याभोवती पुष्कळ लहान उपग्रह असतात. चार इंग्रजी कोशांवरील २०१६ च्या अभ्यासात गर कोशाच्या सुमारे १० टक्के, गाभा गराच्या सुमारे ७५ टक्के आणि लघुतम संच कोशाच्या सुमारे १ टक्का आढळला होता. त्याच अभ्यासाचे आणखी एक निरीक्षण मला या टक्केवारीपेक्षा मोलाचे वाटते. गाभ्यातील शब्द मुले लवकर शिकतात आणि ते अधिक वापरात असतात, पण उपग्रहांतील शब्दांहून ते कमी मूर्त असतात. उपग्रहांतील शब्द मात्र उरलेल्या कोशापेक्षा अधिक मूर्त असतात. म्हणजे हात लावून दाखवता येतील असे शब्द गाभ्यात दाटलेले असतील, ही स्वाभाविक वाटणारी अपेक्षा फोल ठरते.

२३ जुलै

लघुतम संच काढणे हे वेगळेच प्रकरण आहे. सर्व वर्तुळे तुटतील असा बिंदूंचा सर्वांत लहान संच शोधण्याची समस्या रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये दिलेल्या २१ अवघड समस्यांच्या यादीत आहे, आणि तिच्यासाठी नेहमी जलद चालेल अशी रीत कोणालाही ठाऊक नाही. तथापि कोशाचे जाळे सर्वसाधारण जाळ्यापेक्षा पुष्कळ सौम्य असते. प्रत्येक परस्परपोच गट स्वतंत्रपणे सोडवता येतो. ज्या शब्दाच्या व्याख्येत तोच शब्द आहे तो घ्यावाच लागतो. ज्या शब्दात एकच बाण शिरतो किंवा ज्यातून एकच बाण निघतो, तो काढून त्याच्या दोन्ही बाजूंचे बाण थेट जोडता येतात आणि उत्तराच्या आकारात फरक पडत नाही. हे नियम पुनःपुन्हा लावल्यावर उपग्रह जवळजवळ सगळे विरघळले आणि गाभाही चांगलाच आकसला.

उरलेल्या भागासाठी पूर्णांक रेषीय नियोजन वापरत आहे. प्रत्येक शब्दाला शून्य किंवा एक ही किंमत, आणि प्रत्येक वर्तुळातील किमान एका शब्दाची किंमत एक असावी ही अट. सर्व वर्तुळे आधीच लिहून काढणे अशक्य असल्याने मोजक्या वर्तुळांनी सुरुवात करून, आलेल्या उत्तरात जे वर्तुळ शाबूत राहिले असेल त्याची अट वाढवायची आणि पुन्हा सोडवायचे. मोजणी चालू आहे. लघुतम संचाच्या आकाराची खालची आणि वरची मर्यादा एकमेकींच्या जवळ येत आहेत, पण अद्याप मिळालेल्या नाहीत.

३० जुलै

मोजणी चालू असताना उपग्रहांच्या याद्या वाचल्या. मराठी कोशात एका शब्दाचा अर्थ दुसरा समानार्थी शब्द देऊन भागवण्याची रीत रुळलेली आहे, आणि उपग्रहांचे पीक मुख्यतः तिच्यातून येते. ‘उदक : पाणी’ अशी कोशनोंद निरुपद्रवी असते. पाण्याच्या व्याख्येत ‘उदक’ येत नाही, म्हणून ‘उदक’ छाटणीत निघून जातो. परंतु दोन शब्द सारख्याच वापरातले असले, की कोणता कोणावरून सांगायचा याचा निर्णय होत नाही आणि दोन्ही एकमेकांकडे बोट दाखवतात. वापरातल्या शब्दावरून अपरिचित शब्द सांगावा, या कोशकारांच्या जुन्या संकेताचे पालन कोठे झाले आणि कोठे नाही, हे या याद्यांवरून फार लवकर दिसते. कोशाच्या संपादकाला या कामाचा सर्वांत रोखठोक उपयोग हाच होईल.

व्याख्येच्या शब्दांवर आधीच नियंत्रण ठेवलेले कोश येथे तुलनेला घ्यावेत. मायकेल वेस्ट यांच्या १९३५ च्या, इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या कोशात व्याख्यांसाठी १,४९० शब्द ठरवले होते आणि लाँगमनच्या १९७८ च्या कोशात सुमारे २,०००. या याद्या वाचकाला सोपे जावे म्हणून माणसांनी निवडल्या होत्या, तर लघुतम संच संगणक केवळ बाणांवरून निवडतो. अर्थशास्त्रातील एखादी अवघड संज्ञा वर्तुळात सापडली, तर तो तीही निर्विकारपणे उचलील. भाषाशास्त्रज्ञ आना विएर्झबिका यांच्या मूलभूत (आणखी फोड न होणाऱ्या) अर्थघटकांची यादी १९७२ मध्ये १४ होती आणि पुढे वाढत सुमारे ६५ वर गेली. तिचा दावा मात्र सर्व भाषांविषयी आहे, आणि एका भाषेच्या एका कोशावरून त्याबद्दल होकार किंवा नकार देता येणार नाही.

७ ऑगस्ट

गाभा मोठा आहे याला किती महत्त्व द्यायचे, हे ठरवण्यासाठी एक नियंत्रण-चाचणी केली. प्रत्येक शब्दात शिरणाऱ्या आणि त्यातून निघणाऱ्या बाणांची संख्या कायम ठेवून बाणांची टोके आपापसांत यदृच्छेने बदलली. याने व्याख्यांचा अर्थ पूर्णपणे नष्ट होतो, पण कोणता शब्द किती वापरला जातो एवढी माहिती टिकते. अशा विस्कटलेल्या जाळ्यातही एकच मोठा परस्परपोच गट तयार झाला. थोड्या शब्दांतून पुष्कळ बाण निघत असले, की तसा गट आपोआप घडतो. तेव्हा गाभ्याच्या केवळ आकारावरून अर्थाच्या रचनेविषयी काही सिद्ध होत नाही, आणि अशा टक्केवाऱ्या वाचताना हे ध्यानात ठेवावे.

फरक दिसला तो लहान वर्तुळांत. विस्कटलेल्या जाळ्यात दोन-तीन शब्दांची वर्तुळे नाममात्र उरली आणि उपग्रह जवळपास नाहीसे झाले. खऱ्या जाळ्यात ती विपुल आहेत आणि वाचून पाहिली तर प्रत्येक वर्तुळातील शब्द एकाच विषयाचे आहेत. २०१२ मध्ये एका इंग्रजी शब्दजाळ्यावर झालेल्या अभ्यासात एका वर्तुळातील शब्द भाषेत साधारण एकाच काळात आल्याचे दिसले होते. त्यामुळे पुढचे काम गाभ्यावर न करता या लहान वर्तुळांवर करायचे ठरवले आहे : समानार्थी शब्द देऊन भागवलेल्या कोशनोंदी बाजूला काढल्यावर यांतील कोणती वर्तुळे टिकतात, एवढे आधी पाहायचे. नियोजनाची मोजणी दरम्यान चालूच राहील.